बीटाच्या नोंदी: आपलं, त्यांचं आणि ‘असंच असणार’

९ फेब्रुवारी

लिनक्स घराण्यातल्या आमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्तीचा बीटा १, म्हणजे चाचणीसाठीची कच्ची आवृत्ती, टाकला. जुन्या लॅपटॉपवर, वेगळ्या डिस्कवर. रोजच्या कामाच्या मशीनवर बीटा नको, हे सगळ्यांचं आधीच ठरलंय. स्थिर आवृत्ती एप्रिलच्या शेवटी येणार आहे आणि तोवर आमचं टिपणांचं अ‍ॅप या सिस्टिमवर नीट चाललं पाहिजे, एवढंच काम.

नव्या आवृत्तीतल्या मोठ्या गोष्टी जाहीर टिपणात असतातच, त्यासाठी वही नको. इथे फक्त बारीकसारीक: जे टिपणात नसतं पण दिवसभर हाताला लागतं. प्रत्येक नोंदीला तीनपैकी एक शेरा. ‘त्यांचं’ म्हणजे सिस्टिमचा बग, ‘आपलं’ म्हणजे आमच्या कोडमधला, आणि ‘असंच असणार’ म्हणजे मुद्दाम केलेला बदल. मेख आहे ती तिसऱ्या शेऱ्यात. बीटात मुद्दाम केलेलं आणि चुकून झालेलं दिसायला सारखंच असतं. बगला बदल समजून सवय लावून घेतली, तर तो कळवायचा राहून जातो. बदलाला बग समजून दुरुस्तीची वाट बघत बसलो, तर एप्रिलमध्ये आपलं अ‍ॅप तोंडावर पडतं.

वेगाबद्दल काही लिहायचं नाही. बीटात जादा तपासण्या आणि लॉगिंग चालू असतं, त्यामुळे ‘हळू चालतंय’ या तक्रारीला अजून काही अर्थ नाही.

१० फेब्रुवारी

बंद करायच्या मेन्यूत ‘रीस्टार्ट’ आणि ‘शट डाउन’ यांनी जागा बदलल्या आहेत. जाहीर टिपणात अवाक्षर नाही. बोटांना जुनी जागा पाठ असल्याने मशीन बंद करायला गेलं की ते पुन्हा उठून उभं राहतं. शेरा रिकामा.

दुसरं: विंडो पूर्ण मोठी केली की ती बंद करायला आपण माउस वर-उजवीकडे भिरकावतो आणि न बघताच क्लिक करतो. पडद्याच्या कडेला माउस आपोआप थांबतो, म्हणून तिथलं बटण नेम न धरताही सापडतं. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ तितका नेम लवकर लागतो, हा पॉल फिट्स यांचा १९५४ चा नियम, आणि कडेवरचं बटण त्या हिशोबाने जवळजवळ अमर्याद मोठं. बीटात त्या कोपऱ्यात क्लिक केलं तर काहीच होत नाही. माउस केसभर डावीकडे घेतला की बटण उजळतं.

सहकाऱ्याचं म्हणणं, “अरे, नव्या थीममध्ये कोपरे गोल केलेत ना, त्याचंच असेल.” असेल. पण विंडो मोठी केली की गोलाई जाते, कोपरा चौकोनी होतो. हाही शेरा रिकामा.

१२ फेब्रुवारी

कोपऱ्याचं कोडं सुटलं, आणि ते कोपऱ्याचं नव्हतंच.

सकाळी लांबलचक फाइल वाचताना माउस उजव्या कडेला टेकवून स्क्रोलबार ओढायला गेलो, तर मागच्या डेस्कटॉपवर निवडीचा निळसर चौकोन काढला गेला. म्हणजे क्लिक विंडोला न लागता तिच्या मागे पडला. पडद्याच्या उजव्या कडेला नाक लावून पाहिलं तर वरपासून खालपर्यंत वॉलपेपरची एक पिक्सेल रुंदीची पट्टी दिसतेय. वॉलपेपर गडद असल्याने इतके दिवस नजरेला आली नाही. पांढरा लावला की लगेच दिसते.

मॉनिटर २५६० × १४४० चा, स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवायचं प्रमाण, १५० टक्के. २५६० ला १.५ ने भागलं तर १७०६.६७ येतात. विंडोची रुंदी सिस्टिमच्या हिशोबात पूर्णांकातच असते, त्यामुळे ती खाली येऊन १७०६ होते. १७०६ गुणिले १.५ म्हणजे २५५९. एक पिक्सेल उघडा. उंचीचं गणित बरोबर जुळतं, १४४० भागिले १.५ म्हणजे ९६०, म्हणून खालच्या बाजूला पट्टी नाही.

हे खरं असेल तर १२५ टक्क्यांवर पट्टी दिसता कामा नये, कारण २०४८ आणि ११५२ हे दोन्ही पूर्ण आकडे. नाही दिसली. २०० टक्क्यांवरही नाही. १७५ टक्क्यांवर रुंदी आणि उंची दोन्ही तुटतात, म्हणजे उजवीकडे आणि खाली अशा दोन्ही कडा उघड्या पडायला हव्यात. व्हिडिओ पूर्ण पडद्यावर लावला आणि दोन्हीकडे रेघा दिसल्या. भाकीत करून मग बग सापडण्यात जी मजा आहे ती बग नुसता सापडण्यात नाही.

शेरा: त्यांचं. कळवताना फक्त टक्केवारीचा तक्ता, मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि पांढऱ्या वॉलपेपरचा स्क्रीनशॉट दिला. ‘बंदचं बटण चालत नाही’ असं लिहिलं असतं तर तक्रार थीमवाल्यांच्या टेबलावर जाऊन पडली असती. एक अडचण मात्र अशी की स्क्रीनशॉट फक्त विंडोचा घेतला तर त्यात पट्टी येतच नाही. अख्ख्या पडद्याचाच घ्यावा लागतो.

१३ फेब्रुवारी

घड्याळ चुकलं. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि स्थानिक वेळ यांच्यात जेवढं अंतर, नेमकं तेवढंच. हा बीटाचा दोष नाही. पहिल्या डिस्कवर विंडोज आहे, ते मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं. लिनक्स घराण्यातल्या सिस्टिम तिथे यूटीसी गृहीत धरतात. दोघं एकाच घड्याळाला आळीपाळीने हात लावतात. एकीची सेटिंग बदलली, विषय संपला. कळवायचं नाही.

१७ फेब्रुवारी

आजची नोंद लांबणार, कारण एकाच मुळातून तिन्ही शेरे निघाले.

टिपणात ‘स्त्री’ लिहिलं आणि बाणाचं बटण दाबत मागे गेलो. पूर्वी या एका अक्षरातून बाहेर पडायला तीनदा बाण दाबावा लागायचा: स्, त्, री. आता एकदाच. कर्सर जोडाक्षराच्या आत शिरतच नाही, थेट पलीकडे जातो. छान वाटलं. जोडाक्षराच्या पोटात अधांतरी उभा राहणारा कर्सर कुणाला हवा होता?

मग ‘क्षि’ लिहिलं. हवं होतं ‘क्षी’. पूर्वी बॅकस्पेस एकदा दाबला की ऱ्हस्व वेलांटी जायची, दीर्घ द्यायची, काम झालं. आता एका बॅकस्पेसमध्ये क, हलंत, ष, वेलांटी असं सगळं गायब. वेलांटी सुधारण्यासाठी अख्खं जोडाक्षर पुन्हा टाइप करायचं. ‘स्त्री’मध्ये तर आत सहा संकेतांक (संगणक साठवतो ते सुटे घटक) असतात, एका फटक्यात सहाही जातात. मराठी टाइप करणाऱ्याच्या चुका बहुतेक वेळा शेवटच्या मात्रेत असतात, आणि नेमकी तिथेच ही कुऱ्हाड.

तिसरं आमच्या अ‍ॅपमध्ये. शीर्षकाची अक्षरं मोजणाऱ्या टेस्ट पडल्या. ‘स्त्री’ची तीन अक्षरं अपेक्षित, मोजणी सांगते एक.

तिन्हींचं मूळ एकच. मजकुरात एक ‘अक्षर’ कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं याचे नियम युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवायच्या प्रमाणाच्या, २९ व्या परिशिष्टात आहेत. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये तिथे जीबी९सी हा नवा नियम आला: देवनागरी, बंगाली, गुजराती अशा काही लिप्यांत हलंताने जोडलेली व्यंजनं आता तोडायची नाहीत. त्याआधी हलंतापाशी तुकडा पडायचा. बीटातली मजकूर हाताळणारी लायब्ररी नवी आहे, म्हणून हे आत्ता आपल्यापर्यंत पोचलं.

तर शेरे असे. बाण: असंच असणार. नियमाचा हेतूच तो.

बॅकस्पेस: त्यांचं. त्याच परिशिष्टात म्हटलंय की सगळ्या बटणांनी एकाच मापाने चालावं असं नाही. उदाहरणच दिलंय की बॅकस्पेस एकेक संकेतांक खोडेल आणि डिलीट अख्खं अक्षर. बहुधा कुणीतरी जुनी पायरी काढून दोन्ही बटणांना एकच फंक्शन जोडलंय. लॅटिन लिपीत हा फरक क्वचितच दिसतो, म्हणून तपासणीतून सुटलं असणार. तक्रारीत परिशिष्टाचा तो भाग दाखवला आणि ‘क्षि’चं उदाहरण बटणागणिक लिहिलं.

मोजणी: आपलं. टेस्टमध्ये जुने आकडे कोरून ठेवलेत. शिवाय शीर्षकाची मर्यादा अशा मापावर बांधणंच चूक, जे लायब्ररी बदलली की बदलतं. एकाच टिपणाचं शीर्षक जुन्या मशीनवर लांब आणि नव्यावर मापात, असं व्हायला नको. मर्यादा संकेतांकांवर न्यायची, अक्षरसंख्या फक्त दाखवण्यापुरती.

१९ फेब्रुवारी

सुटे:

डार्क मोडमध्ये फाइलचं नाव बदलताना पांढऱ्या चौकटीत पांढरी अक्षरं. त्यांचं. काल कुणीतरी आधीच कळवलेलं आहे.

बॅटरी भरली की चिन्ह १०० वर अडकतं, पुन्हा लॉगिन करेपर्यंत हलत नाही. त्यांचं.

क्रॅश कळवणारा प्रोग्रॅम क्रॅश झाला. कळवला. हाताने.

आवाजाची पट्टी आता एका क्लिकऐवजी दोन क्लिकवर. ज्याने हे ठरवलं त्याला मीटिंगमध्ये अचानक आवाज कमी करायची वेळ आलेली दिसत नाही. असंच असणार, दुर्दैवाने.

२५ फेब्रुवारी

बीटा २. पांढऱ्यावर पांढरं सुधारलं. उजव्या कडेची पट्टी तशीच, पण तक्रारीवर ‘आमच्याकडेही दिसली’ असं उत्तर आलंय. रीस्टार्ट आणि शट डाउन अजून उलटेच.

सहकाऱ्याने विचारलं, हे असले आवडीनिवडीचे बदल कळवण्यात वेळ का घालवायचा, ते काय मागे घेणार आहेत? इतिहास दोन्हीकडून बोलतो. २००० च्या सप्टेंबरात अ‍ॅपलने मॅक ओएस एक्सचा पब्लिक बीटा चक्क २९.९५ डॉलरला विकला. त्यात सफरचंदाचं चिन्ह मेन्यूबारच्या मधोमध होतं आणि त्यावर क्लिक केलं तर काहीच घडत नसे, नुसती शोभा. लोकांनी आवाज उठवला, आणि मार्च २००१ च्या १०.० मध्ये ते मेन्यूसकट डाव्या कोपऱ्यात परत आलं. अलीकडचं पाहा: जून २०२५ च्या मॅकओएस टाहोच्या पहिल्या डेव्हलपर बीटात फाइंडरच्या (मॅकवरच्या फाइल बघायच्या अ‍ॅपच्या) चिन्हातल्या चेहऱ्याची निळी बाजू डावीकडून उजवीकडे गेली होती, दुसऱ्या बीटात ती मुकाट डावीकडे परत. उलट उदाहरण उबुंटू या लिनक्स सिस्टिमचं. १०.०४ साठी विंडोची बटणं डावीकडे नेली, स्थिर आवृत्ती येण्याआधीच गदारोळ झाला, तरी एप्रिल २०१० मध्ये ती डावीकडेच आली. उजवीकडे परतायला १७.१० उजाडावी लागली, म्हणजे ऑक्टोबर २०१७.

म्हणून कळवायचं. पण ‘आवडलं नाही’ असं नाही. ‘शट डाउन समजून रीस्टार्ट दाबलं जातं, लॅपटॉप बॅगेत चालू राहतो आणि तापतो’ असं.

२ मार्च

लॉक स्क्रीनवर पासवर्ड चुकीचा, चुकीचा, पुन्हा चुकीचा. पासवर्ड बरोबर होता, कीबोर्ड मराठीत होता. स्क्रीन लॉक होताना जो लेआउट चालू असेल तोच लॉक स्क्रीनवर राहतो, आणि बीटा २ मध्ये तिथला भाषेचा छोटा दर्शक गायब झालाय. पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात, त्यामुळे आत देवनागरी पडतेय हे कळायला मार्ग नाही. लेआउट बदलायचा शॉर्टकट तिथे चालतो, पण तो आठवायला आधी संशय यावा लागतो.

एकच लेआउट वापरणाऱ्यांना हे कधी दिसणारच नाही, म्हणजे बनवणाऱ्यांपैकी पुष्कळांना. शेरा: त्यांचं. वर ‘तातडीचं’ असं लिहिलं, कारण पासवर्ड वारंवार चुकला की सिस्टिम काही वेळ दारच लावून घेते.

६ मार्च

लॅपटॉप झोपवून उठवला की बाहेरच्या मॉनिटरवरच्या सगळ्या विंडो लॅपटॉपच्या पडद्यावर गोळा होतात, आक्रसून. मॉनिटर उठतो, पण रिकामा.

एचडीएमआयने जोडलं तर होत नाही, डिस्प्लेपोर्टने जोडलं तर हमखास. अंदाज असा: आमचा मॉनिटर झोपला की डिस्प्लेपोर्टवर ‘मी जोडलेला आहे’ हा संकेतही बंद करतो आणि उठायला उशीर लावतो. तेवढ्यात सिस्टिम समजते की मॉनिटर काढून नेला, आणि विंडो वाचवायच्या म्हणून उचलून आणते. मॉनिटर परत आल्यावर त्या परत ठेवायची आठवण मात्र तिला राहत नाही. लॉगमध्ये ‘काढला’ आणि ‘जोडला’ या दोन ओळी अगदी लागोपाठ आहेत, लॉगचा तो तुकडा जोडून पाठवला. त्यांचं. मॉनिटर बनवणाऱ्यांचाही वाटा आहे, पण त्यांना कळवून काही होत नाही.

११ मार्च

वरच्या तक्रारीच्या मागे लागता लागता आमच्या अ‍ॅपचं एक निघालं. बंद करताना विंडो कुठे होती ते आम्ही लिहून ठेवतो आणि उघडताना तिथेच उघडतो. बीटात ती कधीच तिथे उघडत नाही, सिस्टिमला वाटेल तिथे उघडते. लिहून ठेवलेली जागा पाहिली तर प्रत्येक वेळी शून्य, शून्य.

पडद्यावर विंडो दाखवायच्या दोन पद्धती होत्या, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड; या आवृत्तीत एक्स११ चं सेशन काढून टाकलंय, फक्त वेलँड उरलंय. १९८७ पासूनच्या एक्स११ मध्ये कोणताही प्रोग्रॅम ‘मी पडद्यावर कुठे आहे’ असं विचारू शकत होता, स्वतःला हलवूही शकत होता. दुसऱ्यांच्या विंडोंमध्ये डोकावूही शकत होता, ते सोडा. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने हे मुळातच नाकारलं: विंडो कुठे ठेवायची हे कंपोझिटर (सगळ्या विंडो पडद्यावर मांडणारा सिस्टिमचा भाग) बघेल, प्रोग्रॅमला फक्त आपला आकार कळतो. तेव्हा शून्य हे चुकीचं उत्तर नाही, आपला प्रश्नच बाद झालाय.

शेरा: असंच असणार. काम आपलं: जागा जपायचा कोड काढायचा, आकार जपायचा ठेवायचा, आणि सेटिंग्जमधला ‘मागच्या जागी उघडा’ हा चौकोन या सिस्टिमवर दाखवायचाच नाही. चालत नसलेला पर्याय दाखवला की लोक आपल्याला बग कळवतात, आणि ते बरोबरच करतात.

१८ मार्च

बीटा ३.

बॅकस्पेस परत आला! ‘क्षि’वर एकदा दाबला, वेलांटी गेली, ‘क्ष’ राहिला. बाण मात्र नव्या चालीनेच, जोडाक्षर एका उडीत. डिलीटही अख्खं अक्षर खोडतो. नेमकं असंच हवं होतं.

१५० टक्क्यांवरची पट्टी गेली. आता शेवटचा पिक्सेल विंडोलाच देतात असं दिसतं, कोपऱ्यात माउस भिरकावला की बटण लाल होतं. १७५ टक्क्यांवर पूर्ण पडद्याच्या व्हिडिओत खालची रेघ अजून आहे, तक्रार उघडी ठेवायला सांगितली.

लॉक स्क्रीनवर भाषेचा दर्शक आला. पण लेआउट अजून मागच्याच भाषेत राहतो. ‘दर्शक आहे, म्हणजे पुरे’ असं त्यांचं उत्तर. वाद घालण्यासारखं आहे, पण शेरा बदलून ‘असंच असणार’ केला.

नवीन बिघडलं ते असं: फाइल्सच्या शोधात ‘दुसऱ्या’ लिहिलं तर काही फोल्डर सापडतात, काही नाहीत. नावं डोळ्यांना अगदी एकसारखी. हा प्रश्न बीटाहून जुना आहे. ‘ऱ्या’ दोन प्रकारे साठतो, नुक्ता असलेल्या ऱ पासून किंवा साध्या र आणि हलंतानंतर न दिसणारा जोडक घालून, आणि कुठला कीबोर्ड वापरला त्यावर ते ठरतं. युनिकोडचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करायची रीत, या दोघांना एक करत नाही. बीटा २ पर्यंत शोध ढिला होता म्हणून दोन्ही सापडायचे, आता तंतोतंत जुळवतो. शेरा देता येत नाही. आमच्या अ‍ॅपमधल्या शोधात मात्र दोन्ही रूपं एक धरायची, त्यासाठी कुणाची वाट बघायला नको.

३० मार्च

मॉनिटर उठेपर्यंत आता सिस्टिम थोडी थांबते, मग विंडो हलवते. डिस्प्लेपोर्टवर सगळं जागच्या जागी. बॅटरीचं चिन्हही हलायला लागलं.

१४ एप्रिल

रिलीज कँडिडेट, म्हणजे स्थिर आवृत्तीआधीची शेवटची चाचणी. पडद्याच्या कोपऱ्यातला बीटाचा शिक्का गेला, आता यापुढे दिसण्यात काही बदलणार नाही असं धरायला हरकत नाही.

रीस्टार्ट आणि शट डाउन यांचं उत्तर आलं. जागा मुद्दाम बदलल्या होत्या: अपडेटनंतर लोक शट डाउन दाबतात आणि अर्धवट अपडेट तसंच पडून राहतं, म्हणून रीस्टार्ट वर आणला. कारण पटण्यासारखं आहे, बदल पटलेला नाही. तरी आता शट डाउन दाबल्यावर एकदा विचारतात, आणि अपडेट बाकी असेल तर ते तिथेच सांगतात. शेरा: असंच असणार.

आपल्याकडे उरलेलं: शीर्षकाची मर्यादा संकेतांकांवर नेली, टेस्ट पास. ‘ऱ्या’चा शोध झाला, ‘ऱ्ह’साठी एक उदाहरण अजून घालायचंय. जागा जपायचा कोड काढला. जुन्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये तो पर्याय चालू असेल तर अ‍ॅपने गप्प दुर्लक्ष करावं, संदेश दाखवू नये. तेवढं झालं की आमच्या अ‍ॅपच्या आवृत्तीला टॅग लावायचा, म्हणजे ती पक्की झाली अशी खूण करायची.

१७५ टक्क्यांची रेघ स्थिर आवृत्तीत तशीच जाणार, त्यांनी पुढच्या दुरुस्तीसाठी ठेवलीय. आपल्या मदतीच्या पानावर एक ओळ: व्हिडिओच्या खाली रेघ दिसली तर १५० किंवा २०० टक्के वापरा.